पार्सलवर नाव कुणाचं?

मैत्रिणींनो,



या वेळचं संपादकीय बेली डान्सच्या कपड्यांच्या ऑनलाइन खरेदीवर आहे, हे वाचून तुमच्यापैकी काहीजणींना आश्चर्य वाटेल. कपाशीचा भाव, पिण्याचं पाणी, बालविवाह, शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनंतर मागं उरलेल्या बायकांचे प्रश्न असं सगळं बुलढाणा जिल्ह्यात रोज समोर दिसत असताना हा चैनीचा विषय कशाला, असं आपल्या गटाच्या बैठकीतही विचारलं गेलं. प्रश्न रास्त आहे. पण हा विषय आम्ही शोधून काढलेला नाही. तो आमच्या समुपदेशन केंद्रात तक्रार म्हणून आला. ती तक्रार जसजशी उलगडत गेली, तसतसं लक्षात आलं, की आपण एरवी ज्या गोष्टींबद्दल बोलतो त्याच सगळ्या त्या एका पार्सलमध्ये बांधलेल्या आहेत.

तक्रार अशी. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) तालुक्याच्या गावी राहणारी, खाजगी शिकवणीच्या वर्गात शिकवणारी एक बाई. दोन बाळंतपणांनंतर तिची कंबर धरलेली असायची. शेजारच्या दोघींबरोबर दुपारच्या वेळी मोबाइलवर बघून तिनं बेली डान्स शिकायला सुरुवात केली. दार लावून, अर्धा तास. पाठ मोकळी झाली, आणि मुख्य म्हणजे हसायला मिळायला लागलं, असं ती सांगते. मग तिघींनी पैसे जमवून नाणी लावलेले तीन कमरपट्टे ऑनलाइन मागवले. पैसे पार्सल आल्यावर द्यायचे होते. नाव-पत्ता तिचा दिलेला होता.

पार्सल आलं तेव्हा ती वर्गावर होती. दिरानं पैसे देऊन ते घेतलं आणि फोडलं. संध्याकाळी घरात पंचायत बसली. 'बारमधल्या बायकांचं सामान आपल्या घरात कसं आलं?' हा पहिला प्रश्न. त्यानंतर तिचा मोबाइल काढून घेण्यात आला. तिचा पगार ज्या खात्यात जमा होई त्याचं कार्ड सासूच्या कपाटात गेलं. शिकवणीला जाणं बंद झालं. माहेरी निरोप गेला, की मुलीला समज द्या.

ती केंद्रात आली तेव्हा नाचाबद्दल एक शब्दही बोलली नाही. 'ताई, माझा फोन आणि माझं कार्ड तेवढं मिळवून द्या. पट्टा नको,' एवढंच तिचं मागणं होतं.

इथं क्षणभर थांबून पाहायला हवं. भांडण सुरू झालं ते चमचमत्या नाण्यांच्या कापडावरून. संपलं कुठं? तिचा फोन, तिचा पगार, तिचं बाहेर पडणं या तीन गोष्टींवर. कापड हे निमित्त होतं. निमित्त मिळताच जे हातातून निसटत चाललंय असं घराला वाटत होतं, ते परत मुठीत घेतलं गेलं. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणारा 2005चा कायदा यालाच आर्थिक छळ म्हणतो. बाईच्या कमाईवर, तिच्या पैशांवर ताबा घेणं हा मारहाणीइतकाच त्या कायद्याच्या कक्षेतला विषय आहे. आम्ही घरच्यांना बोलावलं, कायद्याची माहिती दिली, दोन बैठका झाल्या. फोन आणि कार्ड तिला परत मिळालं, शिकवणीही सुरू झाली. कमरपट्टे मात्र अजून आमच्या केंद्राच्या कपाटात आहेत. ते घरी न्यायचा धीर तिला अद्याप झालेला नाही.

आता त्या पहिल्या प्रश्नाकडे येऊ. 'बारमधल्या बायकांचं सामान' हे शब्द नीट तपासायला हवेत, कारण त्यात दोन वेगवेगळ्या बायकांचा एकाच वेळी अपमान आहे. घरातल्या बाईचा, आणि जी इथं हजरही नाही त्या बारमधल्या बाईचा.

बेली डान्स हे नाव मुळात त्या नाचाचं नाहीच. अरबीत त्याला 'रक्स शर्की' म्हणतात, म्हणजे पूर्वेकडचं नृत्य. आपल्याकडच्या जुन्या गाण्या-नाटकांतून ऐकलेला 'रक्कासा' हा शब्द याच रक्सपासून आलेला. इजिप्त आणि आसपासच्या मुलखात लग्नकार्यात, घरातल्या आनंदाच्या प्रसंगी बायका बायकांमध्ये नाचत आल्या आहेत. आपल्याकडे मंगळागौर आहे, आपल्या वऱ्हाडात भाद्रपदापासून कोजागिरीपर्यंत भुलाबाई बसते, तसंच ते समजा. 'पोटाचा नाच' हे नाव पाश्चात्त्यांनी दिलं. 1893 साली शिकागोला जे जागतिक प्रदर्शन भरलं होतं, तिथं ते अमेरिकेत गाजलं. याच प्रदर्शनाच्या निमित्तानं भरलेल्या सर्वधर्म परिषदेत विवेकानंदांनी भाषण केलं, हे आपण शाळेत शिकतो. त्याच प्रदर्शनात 'कैरोची गल्ली' उभारली होती आणि तिथं नाचणाऱ्या बायका बघायला झुंबड उडत होती, हे मात्र शाळेत कुणी सांगत नाही. तो नाच अश्लील आहे, बंद करा अशी ओरडही तिथं झाली. ओरड झाली तशी गर्दीही वाढली.

आणि बंदी? तीही जुनीच. 1834 साली इजिप्तचा राज्यकर्ता महंमद अली यानं कैरोतल्या व्यावसायिक नर्तकींना शहराबाहेर काढून दक्षिणेकडे, एस्ना वगैरे दूरच्या गावी धाडलं. पुढं 1926 साली बदिया मसाबनी या बाईनं कैरोत स्वतःचं नाचगाण्याचं सभागृह काढलं. आज आपण ज्याला बेली डान्सचा पोशाख समजतो, म्हणजे टिकल्या-मण्यांची चोळी, कमरेवर पट्टा आणि खाली घोळदार घागरा, तो अशा रंगमंचांवर रूढ झाला. त्यावर परदेशी नाटक-सिनेमांची छाप होती. म्हणजे जो पोशाख 'पूर्वेचा' म्हणून जगभर विकला जातो, तो बराचसा पश्चिमेच्या नजरेतून आलेला आहे. खुद्द इजिप्तमध्ये 1950च्या दशकात नर्तकींनी पोट झाकलं पाहिजे असा नियम आला. नाच त्यांचाच, कपडा कसा असावा हे ठरवणारे मात्र दुसरेच.

हे वाचताना तुम्हाला आपलं महाराष्ट्र आठवलं असेल. कैरोतल्या त्या हद्दपारीनंतर 171 वर्षांनी, 2005 साली आपल्या राज्य सरकारनं मुंबई पोलीस कायद्यात दुरुस्ती करून डान्स बारवर बंदी आणली. न्यायालयापुढं आलेला आकडा असा, की सुमारे 75 हजार बायकांची रोजी त्यावर होती. या दुरुस्तीतली दोन कलमं शेजारी शेजारी ठेवून वाचण्यासारखी आहेत. 33अ कलमानं परमिट रूम आणि बिअर बारमधला नाच बंद केला. 33ब कलमानं तीन तारे आणि त्यावरच्या हॉटेलांना, सभासदांपुरत्या जिमखान्यांना त्यातून सूट दिली. म्हणजे तोच नाच, तोच पोशाख. बघणारा पैसेवाला असेल तर ती करमणूक, आणि बघणारा साधा असेल तर नाचणारी बाई समाज बिघडवणारी. मुंबई उच्च न्यायालयानं 12 एप्रिल 2006ला ही बंदी घटनाबाह्य ठरवली. सर्वोच्च न्यायालयानं 16 जुलै 2013ला तो निकाल कायम केला, आणि बंदीमुळं अनेकींवर देहविक्रयाची वेळ आली हेही नोंदवलं. 2014 साली सरकारनं पुन्हा कायदा बदलला, 2015 साली न्यायालयानं त्याला स्थगिती दिली, 2016 साली नवा कायदा आला आणि 17 जानेवारी 2019ला त्यातल्याही अनेक जाचक अटी न्यायालयानं रद्द केल्या. चौदा वर्षं हा खेळ चालला. या चौदा वर्षांत बाईच्या प्रतिष्ठेबद्दल विधानसभेत, वर्तमानपत्रांत पुष्कळ बोललं गेलं. नाचणाऱ्या बायकांच्या पोटापाण्याची पर्यायी सोय काय, या प्रश्नाचं उत्तर मात्र मिळालं नाही.

त्या काळात स्त्री चळवळीतही दोन मतं होती, हे इथं नोंदवायला हवं. काही संघटनांना बंदी योग्य वाटली. बारमध्ये बाई ही उपभोगाची वस्तू होते, मग त्याचं समर्थन कसं करायचं, असा त्यांचा सवाल होता आणि तो खोटा नव्हता. दुसऱ्या बाजूनं फोरम अगेन्स्ट ऑप्रेशन ऑफ विमेन, एसएनडीटी विद्यापीठाचं स्त्री अभ्यास संशोधन केंद्र यांनी प्रत्यक्ष बारमध्ये काम करणाऱ्या बायकांशी बोलून अभ्यास केला. त्यातल्या अनेकजणी परंपरेनं नाचगाण्यावर जगणाऱ्या जमातींतल्या होत्या. कितीतरी घरं त्यांच्या एकटीच्या कमाईवर चालत होती. शोषण आहे म्हणून काम बंद करायचं, की काम करणाऱ्या बाईच्या हातात ताकद द्यायची, हा तो वाद होता. आमच्या मते दुसरा मार्ग बरोबर होता. शेतात, घरकामात, कारखान्यात बाईचं शोषण होतं म्हणून आपण शेती बंद करा म्हणत नाही.

कुणी म्हणेल, कपडे तोकडे असतात म्हणून लोक बोलतात. तसं असतं तर लावणीवाल्या बायकांना तरी मान मिळायला हवा होता. लावणीची नऊवारी पाहा. गळ्यापासून घोट्यापर्यंत अंग झाकलेलं, डोक्यावर पदर, पायात पाच-पाच किलोचे चाळ. तरीही तेव्हाच्या मुंबई राज्यात 1948च्या सुमारास तमाशावर बंदी आलीच. (आपला बुलढाणा तेव्हा मध्य प्रांत आणि वऱ्हाडात होता.) बंदी उठली ती 'सुधारणे'ची अट घालूनच. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांना राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव मिळाला, आज राज्य सरकार त्यांच्या नावानं जीवनगौरव पुरस्कार देतं. पण 2002 साली त्या गेल्या त्या हलाखीत. यमुनाबाई वाईकरांना पद्मश्री मिळाली तेव्हा, 2012 साली, त्यांचं वय नव्वदीच्या पुढं होतं. किशोर शांताबाई काळे यांचं 'कोल्हाट्याचं पोर' 1994 साली आलं, तेव्हा आपल्यापैकी अनेकींनी पहिल्यांदा विचार केला, की फडावरची लावणी संपल्यावर त्या बाईच्या घरात काय शिजतं, तिच्या मुलाच्या नावापुढं बापाचं नाव कुठून येतं. इथं कपडा किती इंचांचा हा प्रश्नच नाही. कोणत्या जातीतल्या बाईनं नाचायचं आणि कोणत्या जातीतल्या पुरुषानं बघायचं, हे आधीच ठरलेलं आहे.

आणि आता आपल्या रोजच्या जगण्याकडे पाहा. 1975च्या 'शोले'मध्ये हेलन जिप्सींच्या तळावर नाचते, तो पोशाख बेली डान्सच्याच वळणाचा. घरातल्या तीन पिढ्या एकत्र बसून तो सिनेमा बघतात. शाळेचं गॅदरिंग आलं, की आठ-नऊ वर्षांच्या मुलींना ड्रेपरीच्या दुकानातून टिकल्यांची चोळी आणि घागरा भाड्यानं आणून सिनेमाच्या गाण्यांवर नाचवलं जातं. पालक शिट्ट्या मारतात, मुख्याध्यापक बक्षीस देतात. तीच मुलगी तीस वर्षांची झाली, स्वतःच्या पैशांनी, स्वतःसाठी, बंद दाराआड तोच कपडा घालते म्हटल्यावर घराण्याची अब्रू जाते. मग अडचण नेमकी कशाची आहे? नाचाची नाही, कपड्याची नाही, पोट दिसण्याचीही नाही. दुसऱ्यानं नाचवलं तर चालतं. बाई स्वतःच्या मर्जीनं नाचली की चालत नाही.

ही विसंगती पहिल्यांदा जिनं दाखवली ती आपल्याच बुलढाण्याची. सुरतेच्या एका विधवेला झालेल्या शिक्षेवरून 'बायकाच वाईट' असं जो तो म्हणू लागला, तेव्हा ताराबाई शिंदे यांनी 1882 साली 'स्त्री-पुरुष तुलना' लिहून विचारलं, की जो दोष बाईच्या माथी मारता तो पुरुषात नाही काय? त्या पुस्तकाला आता एकशे चाळीस वर्षं होऊन गेली. जिजाऊंच्या जन्मगावी सिंदखेडराजाला दर 12 जानेवारीला लाखो लोक जमतात. अशा जिल्ह्यात बाईच्या नावानं आलेलं पार्सल दिरानं फोडावं आणि त्यात कुणाला वावगं वाटू नये, ही खरी शरमेची गोष्ट आहे.

इथवर वाचून कुणाला वाटेल, की ताई आता सगळ्याजणींना बेली डान्स शिकायला सांगणार. तसं नाही. ज्यांना हवं त्यांनी शिकावं, नको त्यांनी भुलाबाईची गाणी म्हणावीत. आणि बाजार आपल्याला मुक्त करायला बसलेला आहे, असा गैरसमज तर मुळीच नको. ऑनलाइन दुकानात हे कपडे बघायला गेलं तर सगळीकडे एकच बाई दिसते, गोरी, सडपातळ, पोटावर बाळंतपणाची खूण नसलेली. एकदा एक पट्टा पाहिला, की पुढचे आठ दिवस तो मोबाइलवर पाठलाग करतो. 'फक्त दोन नग शिल्लक' असं भिववून आपल्याला घाई करायला लावलं जातं. घरचा पुरुष म्हणतो, हे घालू नको. बाजार म्हणतो, हे घालण्यासाठी आधी असं अंग कमव. दोघांनाही आपल्या शरीराबद्दल आपल्यापेक्षा जास्त कळतं असं वाटतं. या दोघांमधून आपल्याला वाट काढायची आहे, आणि त्यासाठी माहिती लागते. म्हणून थोडं व्यवहाराचं बोलू. हे नाचाच्या कपड्यांपुरतं नाही, ऑनलाइन मागवलेल्या कुठल्याही वस्तूला लागू आहे.

पहिली गोष्ट मापाची. 'फ्री साईझ' या शब्दावर विश्वास ठेवू नका. टेपनं छाती, कंबर आणि कमरेखालचा सगळ्यात रुंद भाग यांची मापं घ्या, आणि वर्णनात इंच किंवा सेंटीमीटर दिले असतील तरच मागवा. पट्टा कमरेवर नाही, त्याच्या खाली बांधायचा असतो. तेवढा घेर घेऊन गाठ मारायला दोन्ही बाजूंनी वीतभर कापड उरायला हवं. ही नाणी हलक्या धातूची असतात, कडा टोचतात, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात घामानं अंगावर पुरळ उठू शकतो. पट्टा सलवार-कुर्त्यावरून बांधला तर काही बिघडत नाही, आवाज तितकाच होतो. धुताना मशीनमध्ये टाकू नका, थंड पाण्यात हातानं खळबळून सावलीत वाळवा. आणि पट्टा नसेल तर जुनी ओढणी कमरेला गच्च बांधली तरी शिकता येतं. कमरेची हालचाल दिसावी म्हणूनच तर तो असतो.

दुसरी गोष्ट हक्काची. ग्राहक संरक्षण कायदा 2019 आणि त्याखालचे 2020 सालचे ई-कॉमर्सचे नियम आपल्या बाजूचे आहेत. विक्रेत्यानं आपलं नाव, पत्ता, माल परत घेण्याच्या अटी आणि वस्तू कोणत्या देशात बनली हे सांगायलाच हवं. वस्तू सदोष निघाली, दाखवली एक आणि पाठवली दुसरी, किंवा सांगितलेल्या मुदतीनंतर आली, तर ती परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्यानं 48 तासांत तक्रारीची पोच आणि महिन्याभरात निर्णय द्यायचा असतो. तसं झालं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा क्रमांक आहे. तिथंही दाद लागली नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. कंपनी मुंबईची असो की दिल्लीची, आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही. पार्सल फोडताना मैत्रिणीला मोबाइलवर चित्रण करायला सांगा, पुरावा होतो. 'ही वस्तू लाजेची आहे, तक्रार कशी करू?' असं अनेकजणी म्हणतात. फसवणाऱ्यालाही नेमकं हेच माहीत असतं. पैसे मोजून घेतलेल्या कुठल्याही वस्तूत लाजेचं काही नाही.

तिसरी गोष्ट सुरक्षिततेची. पैसे परत देतो असं सांगून कुणी फोनवर ओटीपी मागितला तर देऊ नका. फसवणूक झालीच तर ताबडतोब 1930 क्रमांकावर कळवा. पार्सलवरचा आपला नंबर वापरून कुणी नको ते संदेश पाठवायला लागला, नको म्हटल्यावरही थांबला नाही, तर तो पाठलागाचा गुन्हा आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत त्यासाठी 78वं कलम आहे. कपडे बदलताना चोरून चित्रण करणं, ते पसरवणं यासाठी 77वं कलम आहे. 2023 साली महाराष्ट्रातल्या एका लोकप्रिय नर्तिकेचं कपडे बदलतानाचं असं चोरटं चित्रण मोबाइलवरून पसरवलं गेलं. गुन्हा नोंदवला गेला. पण चर्चा मात्र ती कशी नाचते याचीच झाली. आपल्या मोबाइलवर असं काही आलं तर ते पुढं न पाठवणं, ही आपल्या प्रत्येकीची आणि आपल्या घरातल्या पुरुषांचीही जबाबदारी आहे.

चौथी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. 2024 साली लाडकी बहीण योजना आली तेव्हा पुष्कळजणींनी स्वतःच्या नावाची बँक खाती उघडली. चांगलं झालं. पण आमच्या बैठकांमध्ये विचारलं तर कळतं, की खात्याला जोडलेला मोबाइल नंबर नवऱ्याचा किंवा मुलाचा आहे. म्हणजे खातं आपलं, किल्ली दुसऱ्याची. खातं, कार्ड, नंबर आणि त्याचा पिन हे चारही आपले असतील तरच पैसा आपला. या अंकाच्या निमित्तानं प्रत्येकीनं एवढं तरी तपासून बघावं.

आता अशा बायकांबद्दल, ज्यांचा या सगळ्यात कुणी विचारच करत नाही. एका पट्ट्यावर शेकडो नाणी, मणी हातानं टाचलेले असतात. अशी टाचणीची कामं बहुतेक ठिकाणी बायका घरी बसून, नगावर करतात. पाकिटावर देशाचं नाव असतं, त्या बाईचं नसतं, आणि तिला नगामागं काय मिळालं हेही कुठं लिहिलेलं नसतं. घरबसल्या काम करणाऱ्या कामगारांसाठी आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं 1996 साली करार क्रमांक 177 केला. भारतानं त्याला मान्यता दिलेली नाही. आपल्याला स्वस्त मिळतं ते कुणाच्या तरी डोळ्यांच्या आणि पाठीच्या बदल्यात, हे विसरून चालणार नाही. पर्याय आपल्या जवळच आहे. जिल्ह्यात कितीतरी बचत गटांच्या बायका शिवणकाम करतात. शाळांची गॅदरिंग, गरब्याचे घागरे, लग्नातल्या शिवलेल्या नऊवाऱ्या, झुंबा आणि नाचाच्या वर्गांचे कपडे, यांची मागणी तालुक्याच्या गावांपर्यंत आलेली आहे. खामगाव तर चांदीची बाजारपेठ. कमरपट्टा ही वस्तू आपल्याला परकी नाही, आपल्या आज्यांनी चांदीचे कमरपट्टे घालून शेतं निंदली आहेत. मग नाण्यांचा कापडी पट्टा आपल्या गटानं शिवून, त्यावर आपल्या गटाचं नाव घालून, मेहनतीचा योग्य दाम लावून का विकू नये? दोन गटांशी आमचं बोलणं सुरू आहे. ज्या गटांना यात रस असेल त्यांनी केंद्राशी संपर्क साधावा.

शेवटी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. हौसेनं नाचणारी शिक्षिका आणि पोटासाठी नाचणारी बाई यांच्यात फरक आहे. पहिलीला कपडा मागवता येतो, आवडला नाही तर परत करता येतो. दुसरीला तो परत करता येत नाही, कारण तो तिच्या जातीनं आणि गरिबीनं तिच्या अंगावर चढवलेला असतो. म्हणून 'आम्ही त्यातल्या नाही, आम्ही व्यायामासाठी करतो' हा बचाव आपण करू नये. तो केला, की आपली हौस वाचते आणि दुसरीच्या माथ्यावरचा शिक्का आणखी गडद होतो. 'बारमधल्या बायकांचं सामान' असं कुणी म्हटलं तर उत्तर असं द्यायला हवं, की हो, त्याही बायका आहेत, त्यांच्या अंगावरचा कपडा म्हणून तो वाईट ठरत नाही, आणि माझ्या नावाचं पार्सल तुम्ही फोडायचं नाही.

पुढच्या अंकात याच विषयावर वाचकांची पत्रं छापायची आहेत. तुमच्या घरात तुमच्या नावानं आलेलं पत्र, पार्सल, पगार आधी कुणाच्या हातात पडतं? तुम्ही शेवटचं कधी नाचलात, आणि तेव्हा कोण बघत होतं? मोकळेपणानं लिहा. नाव छापू नये असं वाटलं तर तसं कळवा. पटलं नाही, तेही लिहा. वाद झाल्याशिवाय आपला अंक पूर्ण होत नाही, हे तुम्हाला माहीत आहेच.

तुमच्या पत्रांची वाट पाहतेय.

सस्नेह,
संपादक मंडळाच्या वतीनं